ऊन हवे, काहिली नको

युरोपातला द्राक्षबागायतदार एप्रिलच्या रात्री जागून काढतो त्या थंडीच्या धाकाने. वेलींना नुकते कोंब फुटलेले असतात आणि पारा शून्याखाली उतरला की एका रात्रीत ते काळे पडतात. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या मोठ्या भागात असेच घडले. ओळीओळींतून मेणाचे डबे पेटवूनही अनेकांच्या बागा वाचल्या नाहीत. त्याच महिन्यात तासगाव, पंढरपूर, जुन्नर, निफाड या भागांतही वेलीला कोवळी फूट निघत असते. ती जपण्यासाठी आपला बागायतदारही तितकाच झटत असतो. फरक एवढाच, की त्याची परीक्षा भर दुपारी होते.

द्राक्षवेल मूळची समशीतोष्ण प्रदेशातली. तिथे ती हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. महाराष्ट्रात तिला झोपवण्याइतकी थंडी पडतच नाही, म्हणून आपण तिला कात्रीने चालवतो. वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एकच. ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी होते आणि तिच्यातून घड येतात. माल उतरला की वेलीला पंधरा-वीस दिवसांची विश्रांती मिळते आणि मग मार्चअखेरीपासून एप्रिलअखेरीपर्यंत खरड छाटणी होते. या छाटणीत सगळी जुनी काडी काढून टाकतात. उरतो तो खोडाचा आणि दोन्ही बाजूंना आडव्या गेलेल्या ओलांड्यांचा सांगाडा. आठ-पंधरा दिवसांत त्यावरचे डोळे फुगतात आणि फुटतात. म्हणजे वेलीच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक पाला नेमका वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात जन्माला येतो. सोलापूरकडे त्या दिवसांत ४० ते ४२ अंश तापमानाचे कोणाला आश्चर्य वाटत नाही.

उन्हाळ्यातल्या या फुटीवर एकही घड ठेवायचा नसतो. मग ती थोडी करपली, खुरटली तर बिघडले कुठे, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण पुढच्या हंगामाचा घड याच फुटीत तयार होतो. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात, वाढत्या काडीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या आत सुईच्या टोकाहूनही लहान असा पेशींचा एक उंचवटा उभा राहतो. त्याचे काय व्हायचे हे अजून ठरलेले नसते. त्याचा घड होऊ शकतो किंवा बाळी. वेलीला आधार धरायला लागणारा तो वळणदार तंतू म्हणजे बाळी. एकाच मूळ ऊतीच्या या दोन वाटा आहेत आणि वाट ठरते ती मे-जूनमध्ये. नोव्हेंबरात बागेत गेल्यावर घडाच्या जागी बाळ्या लोंबताना दिसल्या, तर तो दोष सहसा ऑक्टोबरच्या छाटणीत नसतो. तो मे महिन्यात शोधावा लागतो.

या वाटेवरचा फाटा नेमका कशाने ठरतो, यावर बरेच संशोधन झाले आहे. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात मे आणि अँटक्लिफ या शास्त्रज्ञांनी सुलताना वेलींवर सावली धरून पाहिली. सुलताना म्हणजे आपली थॉम्पसन सीडलेसच. ऐन काळात सावलीत राहिलेल्या काड्यांवर पुढच्या हंगामात घड कमी आले. त्यानंतर काही वर्षांनी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, तिथल्याच बट्रोज या शास्त्रज्ञाने उजेड आणि तापमान हवे तसे बदलता येणाऱ्या खोल्यांत वेली वाढवल्या. उजेड वाढवला तसे डोळ्यांतले घड वाढले आणि उबदारपणा वाढवला तसेही वाढले. २० अंशांच्या आसपास ठेवलेल्या वेलींत घड फारसे धरलेच नाहीत, तर ३० अंशांच्या सुमारास चांगले धरले. म्हणजे आपला उन्हाळा वेलीला काही देतच नाही असे नव्हे. लख्ख ऊन ही तिची गरज आहे. नको असते ती ऊन आणि कोरडी हवा मिळून होणारी काहिली.

या प्रकरणातला सगळा पेच इथे आहे. रोपवाटिकेतल्या मिरचीवर उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधली की काम झाले. फळावर आलेल्या द्राक्षबागेवर तीच जाळी मे महिन्यात पसरली, तर फूट तजेलदार राहील, पाने मोठी होतील, पाहणारा खूश होईल आणि डोळे वांझ राहतील. छाटणी पुढे ढकलून उन्हाळा चुकवावा, तरी सुटका नाही. मेच्या मध्यावर छाटलेल्या बागेचा घडनिर्मितीचा काळ जूनअखेरीच्या, जुलैच्या ढगाळ हवेत येतो. तिथे उजेडच अपुरा. शेजाऱ्याची छाटणी झाली म्हणून आपली, असे करणारे बरेच आहेत. माझ्या मते मात्र छाटणीची तारीख मागे मोजत यावे: आपल्या भागात पावसाळी ढग साधारण केव्हा दाटतात हे पाहायचे आणि त्याआधी साठ दिवस मिळतील अशी तारीख धरायची. मग उन्हाळा अंगावर घ्यावाच लागतो. उजेड न तोडता उष्णतेचा भार कसा हलका करायचा, एवढाच प्रश्न उरतो.

त्यासाठी पान स्वतःला कसे थंड ठेवते ते आधी पाहू. पानावर पडणाऱ्या उन्हातला फार थोडा हिस्सा अन्न तयार करण्यात खर्च होतो. बाकीचा उष्णता बनतो आणि तो बाहेर टाकावा लागतो. द्राक्षाच्या पानाच्या खालच्या बाजूला असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचे साडेसात लिटर पाणी उकळीला येईल. वेलीची पाने दिवसाला काही लिटर पाणी असे उडवत असतात, म्हणूनच भरल्या बागेत मांडवाखाली शिरल्यावर अंगाला गारवा लागतो. पाणी पुरेसे मिळणारे पान भर दुपारीही हवेच्या तापमानाच्या आसपास राहू शकते, कधी थोडे खालीही. रंध्रे मिटली की तेच पान हवेपेक्षा पाच-सहा अंशांनी तापते. बाहेर ४१ अंश असतील तर पान ४६-४७ अंशांवर जाते आणि साधारण ४५ अंशांपलीकडे कोवळ्या पेशींना इजा होऊ लागते. अन्न तयार करण्याचे काम तर त्याच्या किती तरी आधी मंदावते. वेलीचे पान २५ ते ३० अंशांत सर्वांत चांगले काम करते, ३५ च्या पुढे त्याची गती उतरणीला लागते.

रंध्रे मिटतात ती हवेच्या ओढीमुळे. ३० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असलेली हवा आणि ४० अंश व २० टक्के आर्द्रतेची हवा यांची तुलना करा. दुसरी हवा पानातले पाणी पावणेतीन पट जोराने खेचते. मुळांकडून तेवढ्या वेगाने पाणी वर आले नाही, की वेल नाइलाजाने दारे बंद करते आणि आतल्या आत तापत राहते. जमीन ओली असूनही दुपारी शेंडे माना टाकतात त्याचे कारण हेच. आणि कोवळ्या पानाची अवस्था जून पानाहून बिकट असते. त्याच्या अंगावरचा मेणाचा थर अजून पातळ असतो आणि रंध्रांची उघडझाप नीट जमलेली नसते. शिवाय पूर्ण आकाराच्या एक तृतीयांशाइतके होईपर्यंत ते स्वतःचे पोटही भरू शकत नाही. पहिल्या पाच-सहा पानांपर्यंतची फूट ही खोडात आणि ओलांड्यात साठलेल्या अन्नावरच वाढते. म्हणून मालाचे ओझे अति घेतलेल्या, विश्रांती न दिलेल्या बागेची फूट उन्हात आधी मोडते. उन्हाळ्यातल्या संरक्षणाची सुरुवात खरे तर काढणी संपते त्या दिवशी होते.

निसर्गाने वेलीला आणखी एक सोय दिली आहे. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीच्या पेशी चुकून जास्त तापल्यावर त्यांच्या गुणसूत्रांवर वेगळेच फुगवटे आलेले दिसले. त्या निरीक्षणातून पुढे उष्माघात प्रथिनांचा शोध लागला. तापमान वाढू लागले की जिवंत पेशी ही प्रथिने बनवतात आणि ती इतर प्रथिनांची घडी विस्कटू देत नाहीत. वनस्पतींतही ही यंत्रणा आहे. मात्र ती चालू व्हायला अवधी लागतो. ३६, ३७, ३८ असा पारा चढत गेला तर वेल सावरते. ढगाळ, वळवाच्या दोन दिवसांनंतर एकदम ४१ अंशांचे निरभ्र ऊन पडले तर फूट भाजते. नोंदीत दोन्ही आठवडे जवळजवळ सारखेच दिसतात, बागेत मात्र फरक डोळ्यांना दिसतो.

आता बागेत जाऊ. खरड छाटणी झाल्यापासून डोळे फुटेपर्यंतचे दिवस फार दुर्लक्षिले जातात, कारण तेव्हा राखायला हिरवे काहीच नसते. पण कालपर्यंत पानांच्या दाट सावलीत असलेला ओलांडा आज अचानक उघडा पडलेला असतो. दुपारी त्याच्या सालीचे तापमान हवेपेक्षा कितीतरी वर चढते. वरच्या बाजूची साल तडकते, आतली ऊती मरते आणि त्या बाजूचे डोळे फुटतच नाहीत. मग ओलांड्यावर अर्धा-पाऊण हात जागा मोकळी राहते. तिथे सावली नाही म्हणून पुढच्या वर्षी ती आणखी भाजते, आणखी मोकळी होते. म्हातारे, टकले ओलांडे दिसतात ते बऱ्याचदा एका वाईट एप्रिलचे फळ असते. यावर उपाय साधा आहे: ओलांड्यांवर दिवसातून दोन-तीनदा पाण्याची हलकी फवारणी. त्याने साल थंड राहते, डोळ्यांभोवतीची हवा ओलसर राहते आणि फूट एकसारखी निघते. काही जण ओलांड्यावर जुनी तरटे किंवा जाळीच्या पट्ट्या टाकतात. इथे जाळीला माझी हरकत नाही, कारण अजून पान नाही आणि उजेडाची गरजही नाही. कोंब हिरवे दिसू लागले की मात्र ती त्याच दिवशी काढली पाहिजे. जाळीखाली लांबलेला फिकट कोंब उशिरा उघड्यावर आला तर हमखास भाजतो. पावसापासून वाचण्यासाठी ज्यांनी प्लॅस्टिकचे आच्छादन उभारले आहे, त्यांनी या काळात ते गुंडाळून ठेवावे. त्याखाली उष्णता कोंडते.

ओलांडा सांभाळला, तरी उन्हाळ्याची लढाई जिंकायची ती जमिनीखाली. आपल्याकडे वेलींच्या ओळींना मातीचे उंच बोद असतात. ठिबकच्या पाण्यामुळे बरीचशी मुळे याच बोदात, वरच्या फूट-दीड फुटात राहतात. काळ्या उघड्या मातीचा पृष्ठभाग मे महिन्यात दुपारी ५५-६० अंशांपर्यंत तापू शकतो. बागायतदार जिला पांढरी मुळी म्हणतात, ती नवी, पाणी आणि अन्न शोषणारी मुळी २५ ते ३० अंशांच्या आसपास रमते. तापलेल्या बोदात ती तपकिरी होते आणि काम सोडते. मग टाकीत पाणी असते, ठिबकमधून ते पडतही असते, पण पानापर्यंत पोहोचत नाही.

पांढऱ्या मुळीचे महत्त्व इथेच संपत नाही. डोळ्यातल्या उंचवट्याचा घड होणार की बाळी, हे ठरवण्यात सायटोकायनिन या संजीवकाचा मोठा हात असतो. सिडनी विद्यापीठात श्रीनिवासन आणि मलिन्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाळीला सायटोकायनिन देऊन तिचे फुलोऱ्यात रूपांतर करून दाखवले होते. आणि हे संजीवक वेलीत मोठ्या प्रमाणात बनते ते मुळांच्या वाढत्या टोकांत. जिबरेलिनाचा कल याच्या उलट, शेंडा पळवण्याकडे आणि बाळी करण्याकडे. घडनिर्मितीच्या काळात ६-बीए, युरासील यांच्या फवारण्या करतात त्यामागे हेच शास्त्र आहे. त्या फवारण्यांचा उपयोग मी नाकारत नाही. पण बोद उघडा ठेवून मुळी भाजू द्यायची आणि तिने फुकट दिले असते ते बाटलीतून विकत आणायचे, हा व्यवहार मला कधी पटलेला नाही.

म्हणून आच्छादन. ऊस पिकवणाऱ्या सांगली-सोलापूर-पुणे पट्ट्यात पाचट सहज मिळते. साखर कारखान्याजवळच्या गावांत बगॅसही मिळते. छाटलेल्या काड्यांचे बारीक तुकडे करून तेही बोदावर टाकता येतात. थर किमान तीन-चार इंचांचा हवा. पातळ थर वाऱ्याने उडतो आणि खालची माती उघडी पडते. चांगले आच्छादन बोदाचे दुपारचे तापमान अनेक अंशांनी उतरवते, बाष्पीभवन रोखते आणि पुढे कुजून सेंद्रिय कर्ब वाढवते. ठिबकची नळी आच्छादनाखाली घ्यावी हे विसरू नये. काळी नळी उन्हात उघडी राहिली की तिच्यात अडकलेले पाणी चांगलेच गरम होते आणि दुपारी संच सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे तेच मुळांवर पडते. आच्छादनाआधी, छाटणीपूर्वीच, बोदाच्या कडेने चारी घेऊन शेणखत आणि सुपर फॉस्फेट देऊन माती ओली केलेली असेल, तर फूट निघायच्या वेळेला पांढरी मुळी तयार असते.

पाणी किती द्यायचे याचा हिशेब पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने बाष्पीभवनाशी जोडून दिला आहे. छाटणीनंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांत, दर मिलिमीटर बाष्पीभवनामागे हेक्टरी ४,२०० लिटर. एप्रिल-मेमध्ये रोजचे बाष्पीभवन ८ ते १२ मिलिमीटर असते. मधला १० चा आकडा धरला तर हेक्टरी ४२,००० लिटर, म्हणजे एकरी सुमारे १७,००० लिटर रोज. नऊ बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी ९७० च्या आसपास वेली बसतात, तेव्हा वेलीमागे साडेसतरा लिटर झाले. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या किंवा २०१३ मध्ये टँकरने बागा जगवलेल्या माणसाला हा आकडा मोठा वाटेल, आणि तो आहेच. शेततळ्याची किंमत बागायतदाराला याच चाळीस दिवसांत कळते. आणि आच्छादनामुळे यातला जो वाटा वाचतो, तो दुष्काळात बाग आणि सरपण यांच्यामधला फरक ठरतो.

चाळीस दिवसांनंतर शिफारस एकदम खाली येते. घडनिर्मितीच्या काळात दर मिलिमीटरमागे १,४०० लिटर, म्हणजे तिसरा हिस्सा. वेलीमागे सहा लिटरांच्या आत. १० एप्रिलला छाटणी केली असेल तर हा दिवस २० मेच्या सुमारास येतो. ऊन तेवढेच असते आणि पाणी मात्र कमी करायचे असते. इथे अनेकांचा हात चालत नाही. पण हलका ताण दिला की शेंडा थांबतो आणि अन्न डोळ्यांकडे वळते. हा ताण बागेला सोसतो, कारण तोवर पाने जून झालेली असतात, त्यांवर मेणाचा थर चढलेला असतो आणि मांडव स्वतःची सावली स्वतः धरू लागलेला असतो. म्हणून पहिल्या चाळीस दिवसांचे सगळे कष्ट या एका मुक्कामाकडे जाणारे आहेत: पाणी तोडण्याच्या दिवशी बागेत जून, तगडी, पुरेशी पाने हवीत. ज्याची फूट उशिरा, मागेपुढे निघाली, त्याच्या बागेत या दिवशी निम्म्या काड्या तयार असतात आणि निम्म्या कोवळ्या. तिथे एकाचे औषध दुसऱ्याला मारक ठरते.

फुटीची विरळणी याच दृष्टीने पाहावी. पाच-सहा पानांवर जादा फुटी काढतात. दाटी केली तर सावलीतले डोळे वांझ राहतात. फार विरळ केली तर ओलांडा आणि बोद दोन्ही उघडे पडतात. कडक उन्हाच्या आठवड्यात एका दिवसात सगळी विरळणी उरकण्याऐवजी ती दोन टप्प्यांत, संध्याकाळकडे झुकवून केलेली बरी. दाटीत वाढलेली पाने अचानक उन्हात आली की भाजतात. सात-आठ पानांवर शेंडा मारून सबकेन म्हणजे उपकाडी करण्याच्या पद्धतीत बगलफूट निघते. तिच्यामुळे ऐन मे महिन्यात पुन्हा कोवळी पाने येतात, हे ध्यानात ठेवून शेंडा मारायचा दिवस निवडावा. उष्णतेची लाट येणार असा अंदाज असेल, तर दोन-तीन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. सीसीसीसारखे वाढरोधक किंवा कोणतेही फवारणीचे औषध दुपारी मारू नये. पानावरचा थेंब उन्हात झपाट्याने आटतो, त्यातले द्रव्य तीव्र होते आणि डाग पडतात.

पश्चिमेकडून येणारा तापलेला वारा हा वेगळा विषय होईल इतका मोठा आहे. पानाभोवती ओलसर हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो सतत पुसून टाकतो. बांधावर शेवरी, गिरिपुष्प किंवा सुरूची दाट ओळ असलेल्या बागेच्या पश्चिम कडेच्या दोन-चार ओळी आणि उघड्या बागेच्या त्याच ओळी शेजारीशेजारी पाहाव्यात. झाडे नसतील तर कडेने उभी जाळी लावता येते. उभी जाळी वारा अडवते आणि वरून उजेड येऊ देते, म्हणून आडव्या जाळीवरचा माझा आक्षेप तिला लागू नाही. मांडवात फॉगर चालवून हवा गार करणारेही आहेत. पाणी गोडे असेल तर ते उपयोगी पडते. क्षारयुक्त विहिरीच्या पाण्याची मात्र पानावर रोज फवारणी केली तर पाणी उडून जाते आणि मीठ राहते.

बाधा दिसली की ती उन्हाचीच आहे असे धरून चालणे महागात पडते. उन्हाने भाजलेल्या पानावर डाग मधेच कुठेही, विशेषतः पश्चिमेकडे तोंड असलेल्या पानांवर दिसतात आणि ते एका-दोन दिवसांत उमटतात. क्षारांची बाधा जुन्या पानांच्या कडांपासून सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे झाले की नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पानांच्या वाट्या झाल्या तर पान उलटून पाहावे. कोरड्या उन्हात फुलकिडे आणि तुडतुडे वाढतात आणि त्यांच्या खरचटण्यानेही पान वळते. उडद्या भुंगेरा तर फुगणारा डोळाच पोखरतो. उन्हाचा ताण ओळखायची सर्वांत जुनी आणि भरवशाची खूण म्हणजे बाळी. सकाळी शेंड्याच्या पुढे बाळ्या ताठ झेपावलेल्या असतील तर वेल सुखात आहे. त्या शेंड्याच्या मागे पडल्या, लोंबल्या, गळू लागल्या, तर पाने कोमेजण्याच्या आधीच वेलीने तक्रार केलेली असते. दुपारचे कोमेजणे संध्याकाळपर्यंत सावरते, त्याची फार चिंता नको. पहाटेही शेंडा मलूल असेल तर बोद उकरून मुळी पाहायला हवी.

आजच्या बहुतेक बागा ज्या खुंटावर उभ्या आहेत, तो उन्हाळ्यासाठीच आणलेला पाहुणा आहे. डॉगरीज हा टेक्सासमधल्या रानवेलीच्या कुळातला खुंट. कोरडी हवा आणि क्षार यांना तो स्वतःच्या मुळांवर वाढणाऱ्या थॉम्पसनपेक्षा चांगला तोंड देतो. म्हणून दुष्काळी पट्ट्यात त्याचा झपाट्याने प्रसार झाला. ११० आर हाही अवर्षणाला टिकणारा. पण खुंटरोपांची लागवड होते ती जानेवारी-फेब्रुवारीत आणि त्या बाळरोपांना पहिल्याच वर्षी एप्रिल-मे काढावा लागतो. इथे मात्र मोकळ्या मनाने सावली करावी. या रोपाकडून घड नको, फक्त मुळे आणि एक सरळ कणखर खोड हवे. रोपांच्या नैर्ऋत्येला शेवरी किंवा मक्याची दाट ओळ पेरावी किंवा जाळीचा तुकडा काठ्यांवर बांधावा. जी सावली फळावरच्या बागेचे पीक घालवते, तीच इथे रोप वाचवते. कलम झालेल्या बागेतही, रिकट घेतल्यावर, म्हणजे कलमाची काडी पुन्हा खाली छाटल्यावर, फेब्रुवारीनंतर जी फूट बांबूच्या आधाराने वर जाते, तिचे खोड आणि ओलांडे उन्हाळ्यातच घडतात. त्या फुटीला एका दमात तारेपर्यंत पळवले तर पेरे लांब, काडी पोकळ आणि साल कोवळी राहते. सात-नऊ पानांवर थांबवत, जाड होऊ देत, पुन्हा पुढे नेले तर तेच लाकूड पुढची दहा-पंधरा वर्षे एप्रिलचे ऊन सोसते.

मेअखेरीस वळीव पडतो. हवा ओलसर होते, रंध्रे दिवसभर उघडी राहतात आणि वेल इतके दिवस रोखून धरलेली वाढ एकदम सोडते. या आठवड्यात पाणी आणि नत्र दोन्हींना आवर घालावा लागतो. नाहीतर शेंडा पळतो, मांडव दाटतो आणि कष्टाने उजेडात ठेवलेले डोळे पुन्हा सावलीत जातात. जूननंतर काडी पिकू लागते, हिरवी साल तळाकडून तपकिरी होत वर चढते.

उन्हाळा कसा गेला याचे उत्तर मिळते ते फळछाटणीच्या आठवडाभर आधी, प्रयोगशाळेत. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून काड्या आणून प्रत्येक डोळा उभा चिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली घड मोजतात. थॉम्पसन वर्गातल्या वाणांत तळाचे डोळे बहुधा वांझ असतात. घड पाचव्या-सहाव्या डोळ्यापासून किंवा सबकेनच्या गाठीजवळ सापडतात. मे महिन्यात कुठल्या आठवड्यात बाग तापली, हेही तिथे वाचता येते, कारण काडीवर तळापासून जो कितवा डोळा आहे त्यावरून तो केव्हा घडला याचा अंदाज बांधता येतो. सलग दोन डोळे रिकामे आणि त्यापुढचे भरलेले निघाले, तर बागायतदाराने त्या दिवसांची पाण्याची आणि तापमानाची नोंद काढावी आणि कात्री रिकाम्या डोळ्यांच्या पुढे लावावी.